आई कुणाच्या गाडीत

दर थांब्याला आईंनी गाडी बदलायची, हे निघतानाच ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे कुणी तसं बोललं नव्हतं. आमच्या घरात गोष्टी अशाच ठरतात. मामंजी गेल्यापासून आई महिनाभर आमच्याकडे आणि महिनाभर धाकट्याकडे राहत होत्या, तीच पद्धत आम्ही रस्त्यावर घेऊन आलो. दोन भावांत आईची वाटणी अगदी काटेकोर व्हायला हवी, नाहीतर दोघांपैकी एकाचं तोंड पडतं. आणि या घराण्यातलं पडलेलं तोंड वर यायला वर्ष लागतं.

कपाटाच्या भांडणाचं तसंच झालं. आईंच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं त्या दिवशी मामंजींचं कपाट कुणी न्यायचं यावरून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. कपाट अजून तिथेच आहे, कारण ते दारातून बाहेरच निघत नाही. हे दोघांनाही पोटभर भांडून झाल्यावर कळलं, पण तोवर अबोला सुरू झाला होता आणि सुरू केलेला अबोला असा मध्येच कसा सोडायचा. तेव्हापासून मास्तर, म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारा माझा नवरा, मला सांगतो, मी जावेला सांगते आणि जाऊ भावजींना सांगते. उत्तर त्याच रस्त्याने परत येतं, वाटेत थोडं मऊ होऊन. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, कळवळणाऱ्या माणसांना 'बसा, होईलच आता' म्हणत. घरातही मी तेच करते, फक्त बिनपगारी.

तर दोन भाऊ, म्हणून दोन गाड्या. समुद्राकाठी राहणाऱ्या नणंदेकडे सगळ्यांनी सहलीला जायचं, असं मुलांना सांगितलं होतं. खरं म्हणजे परतीच्या वाटेवर आई आमच्याबरोबर नसणार होत्या. भावजींची दूर बदली झाली होती आणि माझी नोकरी आता दिवसभराची झाली होती. शिवाय आमच्या घरात लेकीला, ठमीला, अभ्यासाला कोपरा नाही. कारणं सगळी खरी होती. फक्त ती मी इतक्यांदा घोकली होती की माझी मलाच शंका यायला लागली होती.

आईंना हे सांगून झालं होतं. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काम माझ्यावरच आलं असतं.

दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, आम्ही हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलपाशी थांबलो. थांबलो म्हणजे थांबावं लागलं. जावेच्या चार वर्षांच्या गोट्याने त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर, जे काही सकाळपासून खाल्लं होतं ते सगळं परत केलं होतं.

"उकडलेली अंडी देऊ नका म्हटलं होतं मी, वहिनी," जाऊ म्हणाली. तिच्या ड्रेसवर पुरावा होता.

"त्याने मागितलं म्हणून दिलं मी."

"तो विमानही मागतो."

मी काहीतरी बोलले. काय ते इथे लिहीत नाही, कारण ते मला शोभणारं नव्हतं आणि तिला लागलं. एरवी आम्ही दोघी जावा एका बाजूला आणि नवरे दुसऱ्या बाजूला, अशी या घराची घडी आहे. त्यावरच घर चालतं. ती घडी त्या दुपारी एका अंड्यावरून विस्कटली.

आई तेवढ्यात "फडकं आणते" म्हणून भावजींच्या गाडीची डिकी उघडायला गेल्या. फडकं घेऊन आल्या, सीट पुसली, गोट्याचं तोंड धुतलं आणि हात धुवायला आत गेल्या. चेहरा नेहमीसारखाच होता. निदान मला तसं वाटलं. माझं लक्ष जावेला आणखी काय बोलता येईल तिकडे होतं.

गोट्याला आता त्या वास येणाऱ्या गाडीत बसायचं नव्हतं. तो आमच्या गाडीत ठमीच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. "राहू दे," जाऊ मला न बघता हवेत म्हणाली आणि आपल्या गाडीकडे गेली. मास्तरने हॉर्न वाजवला. पुढे त्यांची गाडी निघाली, मागे आमची.

ठमी सात वर्षांची आहे आणि तिला प्रश्न पडतात. ट्रकला इतकी चाकं का, आत्याच्या घरी लिफ्ट आहे का, गोट्या पुन्हा करणार आहे का. माझं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, "आपण एक खेळ खेळू या. जो आधी बोलेल तो हरला. जो शेवटपर्यंत गप्प राहील तो पुढच्या थांब्यानंतर पुढच्या सीटवर बसेल."

मुलं गप्प झाली. मास्तरने माझ्याकडे आदराने पाहिलं. लग्नानंतर असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके आले आहेत, म्हणून मी तो जपून ठेवला.

तिकडे पुढच्या गाडीत काय चाललं होतं ते जावेने मला नंतर सांगितलं. आमची घडी पुन्हा बसल्यावर.

भावजी एका पार्सल कंपनीच्या गोदामाचे प्रमुख आहेत. त्यांच्या हाताखालून आजवर एकही खोकं हरवलेलं नाही, हे ते ओळख झाल्यावर साधारण तिसऱ्या वाक्यात सांगतात. गाडीत मूल नाही, आई नाही, खिडक्या उघड्या, वास जात आलेला. भावजींनी गाणी लावली.

"आईंना आपल्या गाडीत घ्यायची पाळी होती ना आता?" जाऊ म्हणाली.

"गोट्या तिकडे आहे ना. आजीशिवाय तो झोपतो का? ती राहिली असेल तिकडेच." मग थोड्या वेळाने, गाण्याचा आवाज कमी करत, "दादाला काय, बरंच झालं. दोन थांबे सलग मिळाली."

"तुम्हाला फोन करून विचारता येईल."

"तो करेल हवा तर."

जाऊ खिडकीबाहेर बघत राहिली. तिला माझ्याशी बोलायचं होतं आणि बोलायचंही नव्हतं. मग तिच्या मनात बरेच दिवस होतं ते तिने विचारलं. "दादांनी आईंना नीट सांगितलं ना? तिथेच ठेवायचं आहे ते?"

"दादाने म्हणजे? थोरला आहे. त्यानेच सांगायचं ना."

"सांगितलं का, ते विचारतेय मी."

भावजींनी गाणी बंद केली. त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच असं आलं की आपण ज्या गोष्टीची पावती घेतली नाही ती पोचलेली नसू शकते. पण त्यांनी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर मागून दादा आला असता, आणि मग त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

आमच्या गाडीत गोट्या झोपून उठला. उठल्या उठल्या म्हणाला, "आजी."

"आजी तुझ्या बाबांच्या गाडीत आहे, राजा," मी म्हटलं. "तू हरलास. ठमी जिंकली."

ठमीने तोंडावर हात ठेवला होता. तिने मान जोरजोरात हलवली.

"अगं, बोल आता. संपला खेळ."

"नक्की संपला? बोलले तर पुढची सीट जाणार नाही?"

"नाही जाणार."

"आजी त्या गाडीत नाहीये," ठमी म्हणाली. "ती हॉटेलच्या दारात उभी होती. आपण निघालो तेव्हा मी काचेतून पाहिलं. ती आपल्याकडेच बघत होती."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तू म्हणालीस, जो बोलेल तो हरला."

मास्तरने गाडी कडेला घेतली. रोज सकाळी पन्नास मुलांची हजेरी घेणारा माणूस, सहलीला गेलेला एकही मुलगा आजवर मागे न विसरलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. मी मागे वळून मागची सीट पाहिली, जणू आई तिथे कुठे मुलांच्या मध्ये घसरल्या असतील.

"कदाचित ठमीला भास झाला असेल," तो म्हणाला. "फोन लाव तिला."

"आईंना?"

"माझ्या बायकोला नाही, तुझ्या जावेला," तो म्हणाला, आणि यावरून त्याची अवस्था कळावी.

"मी नाही लावणार. ती मला विमान म्हणाली."

"काय?"

"ते जाऊ दे. आईंनाच लावते."

मी आईंचा नंबर लावला. फोन वाजला. आमच्याच डिकीत, आईंच्या पर्समध्ये. आम्ही दोघे ती रिंग शेवटपर्यंत ऐकत बसलो, ती थांबल्यावरही ऐकत बसलो. मग मास्तरने आपला फोन काढला आणि कपाटाच्या भांडणानंतर पहिल्यांदा भावाला थेट फोन केला.

"आई तुझ्याकडे आहे ना?"

तिकडून भावजी म्हणाले, "तुझ्याकडे नाही?"

आई म्हणतात, त्यांनी आम्हाला जाताना पाहिलं.

हात धुवून त्या बाहेर आल्या तेव्हा दोन्ही गाड्या अजून सुरूच होत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण डिकीतलं फडकं शोधताना त्यांना चादरीखाली शिलाई मशीन दिसलं होतं. त्यांचं स्वतःचं, ज्यावर त्यांनी दोन मुलं आणि एक मुलगी वाढवली, अर्ध्या गावातल्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवले. फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये सगळीकडून गुंडाळलेलं, वर चिकटपट्टी आणि धाकट्याच्या हातची सुबक चिठ्ठी: 'नाजूक. ही बाजू वर.'

चार दिवसांच्या सहलीला कुणी शिलाई मशीन नेत नाही. आईंना हे कळायला फार विचार करावा लागला नाही.

म्हणून त्यांनी हाक मारली नाही. दोन्ही गाड्या रस्त्याला लागल्या तशा त्या आत गेल्या, खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी चहा सांगितला. टेबलावरची खारी-बिस्किटं कुणी खाऊ नका म्हणायला नव्हतं, ती खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, एकट्याच का? आई म्हणाल्या, नाही हो, माझे बरेच लोक आहेत, येतीलच.

आणि त्या बघत बसल्या, कुणाला आधी कळतंय.

आम्ही परतलो तेव्हा दोन्ही गाड्या जवळजवळ एकदमच हॉटेलच्या आवारात शिरल्या. दोघे भाऊ दोन बाजूंनी धावत आले आणि दारात एकमेकांवर आदळले. दार एका वेळी एकापुरतंच होतं. कपाटाची आठवण फक्त मलाच झाली असं नाही, जावेलाही झाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघींनी एकदमच मान फिरवली, कारण ही हसायची वेळ नव्हती.

"आई," मास्तर म्हणाला, "अगं, मला वाटलं तू त्याच्या गाडीत."

"मला वाटलं तू दादाच्या," भावजी म्हणाले.

"बसा," आई म्हणाल्या.

आम्ही बसलो. मुलं आजीच्या दोन बाजूंना चिकटली. गोट्याने बशीतला चुरा खायला सुरुवात केली आणि या वेळी जाऊ काही बोलली नाही.

"आई, हाक मारायची ना," भावजी म्हणाले.

"मारणार होते." आईंनी कप खाली ठेवला. "मशीन छान बांधलंस रे. भक्कम. इतकं जपून बांधलेलं मी आजवर पाहिलं नाही."

भावजींचा चेहरा पडला. खरं तर आम्हा चौघांचाही पडला, पण कंपनीची चिकटपट्टी त्यांची होती.

"तुला दादाने सांगितलं नाही?" ते म्हणाले.

"मी?" मास्तर म्हणाला. "तू सांगणार होतास. तू तिच्याजवळ जास्त बोलतोस."

"थोरला तू आहेस."

"तू म्हणालास, 'मी बघतो.'"

"ते पंक्चरबद्दल म्हणालो होतो."

"माझ्याशी बोलला असतास तर कळलं असतं कशाबद्दल म्हणालास ते."

"तू बोललास?"

आई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी सुनांकडे पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं. मी म्हणू शकले असते की मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नव्हतं कारण मी विचारलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं कारण मला आईंनी जायला हवं होतं. हे मला तिथे, त्या चिकट टेबलाशी बसून, पहिल्यांदा सरळ शब्दांत कळलं. मला लाज वाटली. "आई, मीही विचारलं नाही," एवढंच मी म्हणाले.

"मीही," जाऊ म्हणाली, आणि टेबलाखालून तिने माझा हात धरला.

"बरं," आई म्हणाल्या. "म्हणजे मी लेकीकडे राहायचं असं ठरलंय. कायमचं."

"ताईचं घर मोठं आहे, आई," मास्तर म्हणाला. वर्गात वापरायचा आवाज काढायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं. "समुद्र आहे. हवा आहे. आणि आमच्याकडे तुझी ओढाताण होते, महिना इकडे, महिना तिकडे."

"तिला आनंद झाला असेल मग."

"खूप," मास्तर म्हणाला.

"काय म्हणाली?"

मास्तर थांबला. त्याने भावाकडे पाहिलं. भावजींनी त्याच्याकडे पाहिलं. मी या दोघांना गेली दहा वर्षं ओळखते, पण त्यांचे चेहरे इतके एकसारखे आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"तू बोललास ना ताईशी?" भावजी हळूच म्हणाले.

आईंनी माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. त्यांनी लेकीचा नंबर लावायला सांगितला आणि स्पीकर सुरू करायला सांगितला, आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला, बशीच्या शेजारी.

"अगं आई, कुठवर आलात?" नणंदेचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी. "गाद्या काढून ठेवल्यात. यांनी सुट्टी पण टाकलीय. आणि ऐक, ते दोघे दोन दिवसांत निघायचं म्हणतील, पण तुला मी चांगली चार दिवस ठेवून घेणार आहे. नाही म्हणायचं नाही. पुढच्या आठवड्यात सासूबाई येताहेत राहायला, नाहीतर अजून ठेवली असती."

"राहीन की चार दिवस," आई म्हणाल्या. "येतोच आम्ही."

फोन बंद झाला. शेजारच्या टेबलावरची बाई आपला चमचा आपल्या कपात ढवळायची थांबली होती.

आम्ही दोन दिवस, दोन गाड्या घेऊन, एका बाईला तिच्या नकळत अशा घरी कायमची पोचवायला निघालो होतो, जिथे ती कायमची येतेय हे कुणालाच माहीत नव्हतं. हे इतक्या काळजीपूर्वक करायला आमचंच घराणं हवं.

"परत येताना मला माझ्या खोल्यांवर सोडा," आई म्हणाल्या.

"तिथे?" मास्तर म्हणाला. "एकटी?"

"एकटी."

"आणि पडलीस तर? रात्री काही झालं तर? कुणाला कळणार पण नाही."

"आज तर मी पडले नाही, आजारी नाही. दोन मुलं, दोन सुना, दोन नातवंडं सोबत होती," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "एकटी राहिले तर मी कुठे आहे ते निदान एका माणसाला तरी नक्की माहीत असेल."

मास्तर काहीतरी बोलायला गेला आणि त्याला रडू फुटलं. भर हॉटेलात, मुलांसमोर, कपाळ टेबलावर टेकून. भावजींनी आधी त्याच्याकडे बघणं टाळलं, मग खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. आईंनी मोठ्या लेकाला पुरतं रडू दिलं, तेवढ्यात आपला उरलेला चहा संपवला, ठमीचं नाक पुसलं.

"चल, पुरे आता," त्या म्हणाल्या. "गाडी तुलाच चालवायची आहे."